डिबेट कट्ट्यावर बघावी की घरी?

निवडणुकीतली टीव्हीवरची डिबेट कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर बघितली, की निकाल आधीच लागलेला असतो. आपला प्रवक्ता तोंड उघडतो न उघडतो तोच 'हाणला बघ भावा!' अशी आरोळी उठते. विरोधक बोलायला लागला की गलका एवढा, की त्याचं वाक्य कुणाच्या कानावर पडतच नाही. ऊसबिलाचा प्रश्न आला आणि आपल्या माणसानं तो टाळून समोरच्याचं जुनं पक्षांतर उकरलं, तरी शिट्ट्याच. उत्तर आलंच नाही, हे कुणाला खटकत नाही. ज्यांचं बिल थकलंय, तेही टाळ्या वाजवतात. मला याचंच फार वाईट वाटतं.

घरी दुसऱ्या पक्षाचा मेव्हणा शेजारी असला की असं खपत नाही. 'दाजी, कारखान्याला ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तुमचा माणूस त्यावर काय बोलला?' असं त्यानं विचारलं की आवाज कमी करून नीट ऐकावं लागतं. चिडचिड होते, चहा गार होतो. कट्ट्यावरची मजा इथं नाही, हे खरं.

तरी मतदानाआधीची शेवटची डिबेट मेव्हण्याशेजारीच बघावी. कट्टा निकालाच्या दिवशी आहेच.