आपला दवाखाना, मुंबई : फुकट आहे म्हणून नाक मुरडू नका

महापालिकेचा दवाखाना म्हटलं की आमच्या बिल्डिंगमधले लोक अजूनही तोंड वाकडं करतात, पण ऑक्टोबर २०२२ पासून हे जे आपला दवाखाना सुरू झालेत ना (पूर्ण नाव हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना, एवढं कोण म्हणणार) ते खरंच कामाचे आहेत. सगळ्यात भारी म्हणजे टायमिंग, सकाळी ७ ते २ आणि मग ३ ते रात्री १०, म्हणजे ऑफिसवरून लोकल पकडून घरी येणारा माणूस पण दाखवू शकतो, सुट्टी टाकायची गरज नाही.

तपासणी फ्री, औषधं फ्री आणि १४७ प्रकारच्या टेस्ट पण फ्री. आईची शुगर, थायरॉईड हे सगळं आधी स्टेशनजवळच्या एका प्रायव्हेट लॅबमध्ये करायचो, दरवेळी नवीन पॅकेज गळ्यात मारायचे, ते बंद केलं एकदाचं. डॉक्टर पण नीट विचारून गोळ्या देतात.

आता बरेच दवाखाने पोर्टा केबिनमध्ये आहेत त्यामुळे एसी वेटिंग रूम वगैरे अपेक्षा ठेवू नका. आणि हे ताप, खोकला, बीपी, शुगर, ड्रेसिंग यासाठी, छातीत दुखायला लागलं तर इथे लाईन लावत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पानं सोबत न्या.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.