फ्रोझन नूडल सूप: अख्खी लादी की सुटी पुडी?

फ्रोझन नूडल सूप आणायचंच ठरलं असेल, तर चवीचा विचार नंतर. आधी पाकीट चाचपून बघा. एका प्रकारात सूप, नूडल्स, भाज्या मिळून एकच गोठलेली लादी असते. दुसऱ्यात शिजवून गोठवलेल्या नूडल्सची चकती वेगळी आणि दाट सुपाची पुडी वेगळी. चवीत दोन्ही उन्नीस-बीस. फरक कळतो तो गॅसवर.

लादीचं काम सुटसुटीत. पातेलं एकच, पाणी मोजायला नको. शिवाय सोलापुरात तिची एक बाजू भक्कम आहे: मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना दुकानातून जुळे सोलापूरपर्यंत यायचं, तर जाड लादी सहजी पाघळत नाही. चकतीला मात्र लगेच कडेनं घाम फुटतो. तशीच परत फ्रीझरमध्ये टाकली, तर सुटलेलं पाणी सावकाश गोठून बर्फाचे मोठे कण होतात आणि शिजताना नूडल्सचे तुकडे पडतात. म्हणून चकती बिलाच्या अगदी आधी उचलावी आणि फ्रोझन मटारच्या दोन पाकिटांत दाबून वर वर्तमानपत्र गुंडाळावं. पाकिटाच्या एकाच कोपऱ्यात बर्फ साचलेला दिसला, तर माल आधीच एकदा वितळलेला असण्याची शक्यता जास्त. तो तिथेच ठेवावा.

एवढं असूनही लादी मनातून उतरते ती तिच्या पोटातल्या बर्फापायी. बर्फाचं नुसतं पाणी व्हायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून जवळपास ऐंशी अंशांवर जातं. त्यामुळे कडेनं सूप खदखदतं, मधे दगड तसाच. नूडल्स आधीच शिजलेल्या. कडेच्या तोवर गिचका होतात. चमच्यानं टोचलं की आणखी तुटतात. तळाला चार चमचे पाणी, मध्यम आच, वर झाकण आणि तीन मिनिटांनी लादी पालथी, एवढं केलं तर त्रास कमी होतो, जात नाही. उदोन, म्हणजे जाड जपानी नूडल्स, असतील तर खपून जातं, बारीक नूडल्सना नाही.

सुट्या प्रकाराला दोन शेगड्या अडतात, हे खरं. चकती वितळू न देता थेट लिटरभर खळखळत्या पाण्यात सोडायची. उकळी बसते. ती परत आली आणि नूडल्स सुट्या झाल्या की लगेच चाळणीत. बहुधा मिनिटभरात होतं. चाळणी दोनदा झटका, नाहीतर अंगचं पाणी सूप पातळ करतं. त्याच गरम पाण्यानं वाडगा विसळून घ्यावा.

मीठही इथे आपल्या हातात राहतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात पाऊणच पुडी घाला आणि गॅस बंद केल्यावर चमचाभर शेंगाचटणी. उकळताना घातली तर दाण्याचा कूट तळाला बसून करपतो. लादीत मीठ आधीच ठरलेलं, त्यात चटणी पडली की सूप खारट.

घरात शेगडी एकच असेल, तर लादी घ्यायला हरकत नाही. एरवी सुटी पुडी बघा. उरलेली पाव पुडी झाकून फ्रिजमध्ये ठेवली, की दुसऱ्या दिवशी फोडणीच्या भाताला चालते.