दोन कीबोर्ड जोडायला पाच पिनांची मिडी केबल

स्टेजवर एकावर एक ठेवलेल्या कीबोर्डना ३ मीटरची केबल भरपूर झाली. वाजवायच्या कीबोर्डचा 'आउट' दुसऱ्याच्या 'इन'मध्ये, दोन्हीकडे मिडी चॅनल एकच. कुठली कळ दाबली याचे संदेश (मिडी) ही केबल नेते, म्हणून दुसराही वाजतो; आवाज मात्र हिच्यातून जात नाही. दुसऱ्याची ऑडिओ लाइन मिक्सरला वेगळीच द्यायची.

खरी डोकेदुखी पुढे. पहिल्यावर टोन बदलला की दुसऱ्याचाही बदलतो, तोही ऐन मुखड्याला! दुसऱ्याच्या मिडी सेटिंगमध्ये प्रोग्रॅम चेंज (टोन बदलायचा संदेश) घेणं बंद करा. त्याचा ताल आपोआप सुरू होत असेल, तर स्टार्ट-स्टॉपही.

प्लग खाच बघून लावा, रेटलात तर पिना वाकतात. आणि पैसे टाकण्याआधी कीबोर्डची पाठ बघा: नुसतं कॉम्प्युटरला जोडायचं यूएसबी असेल, तर ही केबल कुचकामी; मध्ये यूएसबी मिडी होस्ट (कॉम्प्युटरशिवाय यूएसबीतून मिडी संदेश पोचवणारी डबी) लागेल.