इंजिन धुतल्यावर गाडी मिसिंग करतेय: घरी सुकवायची, उद्यमनगरला न्यायची की कंपनीत?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोल्हापुरातल्या वॉशिंग सेंटरांवर रांगा लागतात. गाडीची पूजा करायची तर बोनेटखालीही चकाचक हवं, म्हणून बरेच जण इंजिनावरही प्रेशरचं पाणी मारून घेतात. मग हार घालून गाडी काढावी तर ती थरथरते, पिकअप घेत नाही आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनची पिवळी लाईट. यालाच मिसिंग म्हणतात, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. पावसाळ्यात गगनबावड्याकडचा लाल चिखल धुऊन घेतलेल्या गाड्यांचंही हेच होतं.

आता काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. पेट्रोल किंवा सीएनजी गाडी असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर आधी पाणी काढा. पार्ट बदलायचं बोलणं त्यानंतर.

एक गोष्ट मात्र कुठलाही मार्ग निवडण्याआधी बघा. लाईट स्थिर आहे की लुकलुकतेय? लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. तो खर्च प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या चारही कॉइलपेक्षा मोठा असतो. लाईट स्थिर असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू नेता येते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बोनेट उघडून उन्हात ठेवणे. पाणी नुसतं कपलरवर (वायरच्या प्लास्टिकच्या जोडावर), वायरिंगवर किंवा बेल्टवर असेल तर एवढ्याने काम होतं. पण बहुतेक वेळा पाणी साचतं ते प्लगच्या विहिरीत, म्हणजे स्पार्क प्लग ज्यात बसतो त्या खोल खड्ड्यात. तिच्या तोंडावर कॉइलचं रबर घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे वाफ बाहेर पडत नाही. इंजिन तापलं तरी ओल आतच फिरते. म्हणून दोन दिवस उन्हात ठेवूनही मिसिंग तसंच राहिलं, तर आणखी थांबण्यात अर्थ नाही.

स्वतः उघडणार असाल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॉइलचा कपलर सोडवून बोल्ट काढा आणि कॉइल थोडी फिरवत सरळ वर ओढा. रबराच्या टोकावर पाण्याचे थेंब किंवा गंजाचा तांबूस डाग दिसला, तर दुखणं सापडलं. मोबाईलच्या टॉर्चने विहिरीत बघितलं तर प्लगच्या षटकोनाभोवती पाणी चमकताना दिसतं. इथे घाई करू नका. आधी हवा मारून किंवा कापडाने टिपून पाणी काढा, मगच प्लग खोला. नाहीतर ते सगळं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा चालते, पण त्या लाईनमध्येही पाणी असतं, तेव्हा आधी थोडी हवा बाहेर सोडून द्या. खरं तर जिथे गाडी धुतली तिथेच परत न्यावी. हवेची गन त्यांच्याकडे असते आणि हे काम त्यांनी फुकट करून द्यायला हवं.

कॉइलचं रबर उजेडात धरून बारकाईने बघा. त्यावर केसासारखी बारीक काळी किंवा करडी रेघ असेल, तर ठिणगीने बाहेरून वाट काढलेली आहे. ती रेघ सुकवून जात नाही. रबर बदलावंच लागतं. गाडी उभी असताना ठीक आणि जोतिबाच्या चढाला झटके देणारी असण्याचं कारणही हेच. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या टोकाची गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि ठिणगी सोप्या वाटेने बाहेर पळते. सीएनजीवर तर व्होल्टेज आणखी जास्त लागतं, म्हणून पेट्रोलवर बरी चालणारी गाडी सीएनजीवर मिसिंग करते.

हे सगळं करायची सवय नसेल तर उद्यमनगर. ऑइल इंजिनांच्या धंद्यावर वाढलेला हा भाग, हात लावताच दुखणं ओळखणारे मिस्त्री तिथे आहेत आणि मजुरी कंपनीपेक्षा कमी. पण मिस्त्रीकडे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र आहे का, हे आधी विचारा. पी 0301 म्हणजे पहिला सिलिंडर मारत नाही, पी 0303 म्हणजे तिसरा. पी 0301 आला तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावून बघायला सांगा. कोड पी 0303 झाला तर कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर किंवा त्या सिलिंडरचं वायरिंग. हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता कोणी “चारही कॉइल टाकून घेऊ” म्हणत असेल, तर तिथून गाडी काढा.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर दोन परिस्थितींत निःसंशय बरं. एक, गाडी वॉरंटीत असेल तेव्हा. बाहेर वायरिंगला हात लागला की पुढे वाद होतो. पाण्याने बिघडलेला भाग वॉरंटीत बसेलच असं नाही, तेव्हा काम सुरू होण्याआधी ते लेखी विचारून घ्या. दुसरं, गाडी हायब्रिड असेल तेव्हा. बोनेटखालच्या नारिंगी केबलना घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये हात लावायचा नाही, विषय संपला.

डिझेलवाल्यांना स्पार्क प्लग नाही, त्यामुळे विहिरीचा प्रश्नच नाही. तिथे पाणी सेन्सरच्या कपलरमध्ये शिरतं आणि गाडी ताकद कमी करून चालते. अंदाजाने कपलर ओढत बसण्यापेक्षा थेट स्कॅन करून घेणं स्वस्त पडतं.

आणि पाण्याच्या झोताने कधी कधी नुसती एखादी नळी निसटते. इंजिनातून सूं सूं आवाज येत असेल, आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होत असेल, तर एअर फिल्टरपासून पुढचे सगळे पाईप हाताने दाबून बघा. फिल्टर ओला लागला तर तोही बाहेर काढा. पार्ट बदललाच, तर जुना मागून घ्या आणि बिलावर सिलिंडरचा नंबर लिहून घ्या. पुढच्या वेळी मिसिंग आलं तर कुठली कॉइल नवी आहे, हे मिस्त्रीला तिथूनच कळेल.