ज्वारीची भाकरी की नाचणीची?

साखर वाढली म्हणून पोळी कमी केली. आता भाकरी कशाची करायची? पाकिटावरचं 'मधुमेहींसाठी खास' विसरा, आकडे पाहू.

कर्बोदकं, म्हणजे ज्यांची पचल्यावर साखर होते ती, दोन्हींत जवळपास सारखी, १०० ग्रॅम पिठात सुमारे ६७ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३३-३४ ग्रॅम. एकाच्या तीन भाकऱ्या झाल्या तर कुठलंच धान्य वाचवणार नाही. १०० ग्रॅम पिठामागे तंतू दोन्हींत १०-११ ग्रॅम. प्रथिनं ज्वारीत १०, नाचणीत ७ ग्रॅम. कॅल्शियममध्ये मात्र नाचणी फार पुढे: सुमारे ३६० मिलिग्रॅम, ज्वारीत तिसाच्या आत.

खरी गफलत नाचणी सत्त्वात होते. भिजवून, वाटून, गाळताना कोंडा चोथ्यात जातो. उरलेली पातळ पेज झरझर पचते आणि साखर चढवते. वर गूळ घातला तर बोलायलाच नको. नाचणी खायची तर सालासकट दळलेल्या पिठाची भाकरीच.

कष्टाचं म्हणाल तर ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जातं, थापताना कडा चिरतात. आठवड्यापुरतंच दळा, आधणाच्या पाण्यात मळा. नाचणीची आधी उकड काढा, नाहीतर भाकरी परातीतून उचलताना तुटते.

रोजच्या जेवणाला ज्वारी बरी. सोबत उसळ आणि पालेभाजी हवीच. हाडांची काळजी असेल, दूध चालत नसेल, तर आठवड्यातून तीन-चारदा नाचणी. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी धान्य बदलल्यावर जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजावी, आणि डोस स्वतःहून बदलू नये.