वाइडबँड एएफआर मीटर: सात महिने वापरल्यानंतर

माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार तीस वर्षांहून जुनी आहे, पेट्रोल इंजेक्शनची. आठ-दहा दिवसांतून एकदा, इंजिन पूर्ण तापल्यावर, ती अचानक रिच (मिश्रणात पेट्रोल जास्त) चालायला लागायची. आयडल जड व्हायचं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा, मागे उभं राहिलं तर डोळे चुरचुरायचे. दहा मिनिटांनी आपोआप सगळं नीट. गॅरेजला नेली की हमखास हातावर तुरी. प्लग काढले तर चारही कोरड्या काजळीने काळे, म्हणजे तक्रार खरी होती. पण दाखवायला पुरावा तेवढाच.

अंदाजाने एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, प्रेशर रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल येतंय का पाहिलं. नळी कोरडी होती. फरक शून्य. म्हणून शेवटी हा एएफआर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा, मीटर घेतला.

मूळ ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. मिश्रण १४.७ (एका भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे योग्य प्रमाण) च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच तो सांगतो. किती रिच, हे नाही. वाइडबँड खरा आकडा देतो. पण मला त्याच्या आकड्यापेक्षा लॉग (वेळेनुसार साठवलेली नोंद) जास्त उपयोगी पडला. माझ्या मीटरला दोन जादा व्होल्टेज इनपुट आहेत. त्यातला एक मी कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सिग्नल वायरला जोडला.

खरं तर हा सेन्सर मी आधीच निर्दोष ठरवला होता. पाण्यात बुडवून, थर्मामीटर लावून मोजला होता: २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, ८० ला सव्वातीनशे ओहम. अगदी हवं तसं. चुकलो इथेच. सेन्सर तपासला, त्याची वायर नाही.

तिसऱ्या आठवड्यात लॉगमध्ये चोर रंगेहाथ सापडला. एएफआर १४.७ च्या आसपास डोलत होता आणि एका क्षणात १०.८ वर, म्हणजे एकदम रिच, आला. नेमक्या त्याच क्षणी कूलंटचं व्होल्टेज ०.६ वरून ३.२ वर गेलं होतं, म्हणजे इंजिन थंड असल्याचा सिग्नल. गरम इंजिन एका सेकंदात थंड होत नाही! बॉनेट उघडलं, इंजिन आयडलला ठेवून कनेक्टर बोटाने हलकेच हलवला आणि इंजिनचा आवाज तिथल्या तिथे बदलला. आत एक पिन ढिली होती, तिच्यावर हिरवट गंज. त्या सांध्यात काही किलोओहम वाढले की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन गारठलेलं वाटायचं आणि तो पेट्रोल वाढवायचा. वायर पूर्ण तुटली असती तर चेक लाइट तरी लागला असता. हा रेझिस्टन्स थंड सकाळच्या रेझिस्टन्ससारखाच, मग ईसीयूने संशय घ्यावा कशाला? शिवाय इंजिन थंड समजल्यावर तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही. माझा नवा ऑक्सिजन सेन्सर वाया गेला तो असा.

पिन बदलून आता काही महिने झाले. प्लग फिकट तपकिरी आहेत, वास एकदाही आला नाही.

मीटरबद्दल तक्रारीही आहेत. बंग (सेन्सर बसवायचं आटेदार तोंड) एक्झॉस्टला वेल्ड करावा लागतो आणि सेन्सर आडव्यापेक्षा किमान दहा अंश वर कलता बसवावा लागतो, नाहीतर साचलेल्या पाण्याने आतलं सिरॅमिक तडकतं. इंजिन चालू असताना सेन्सरचा हीटर बंद राहिला तर सेन्सर काजळी धरून खराब होतो, त्यामुळे मीटर नको असेल तेव्हा नुसता स्विच बंद करून चालत नाही. आणि मिसफायर असेल तर आकड्यावर विसंबू नका: न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये येतो आणि पेट्रोल जास्त असूनही मीटर लीन (पेट्रोल कमी) दाखवतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल तरी तेच.

डिस्प्लेचा उजेड रात्री डोळ्यांत जातो, पण ते चालवून घेता येतं. जादा इनपुट आणि लॉगिंग नसलेलं स्वस्त मॉडेल मात्र अधूनमधून येणाऱ्या बिघाडासाठी घेऊ नका. त्यावर मला नुसता १०.८ दिसला असता आणि मी पुढचा पार्ट बदलायला निघालो असतो.