दहापट भिंग, अळूचं कूळ आणि नऊ महिने

गेल्या मे महिन्याच्या शेवटी साडेसातशे रुपये देऊन दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घेतलं. आत तीन काचा, बाहेर स्टीलचं कवच, काचेचा व्यास २१ मिलिमीटर. वनस्पतिशास्त्र शिकलेले त्याला हँड लेन्स म्हणतात. मी ते एकाच कुळासाठी घेतलं. अळू, सुरण, शेवळं, सापकांदा, मनी प्लांट, मॉन्स्टेरा ही सगळी ज्यात येतात ते अ‍ॅरेसी कूळ. आता फेब्रुवारी चालू आहे. एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा हे भिंग गळ्यात घालून फिरले आहे, त्यामुळे अनुभव लिहायला हरकत नाही.

घ्यायचं कारण सांगते. एका नर्सरीतून ‘मॉन्स्टेरा ऑब्लिक्वा’ म्हणून बाराशे रुपयांचं रोप आणलं होतं. दोन नवी पानं आली आणि शंका यायला लागली, कारण खऱ्या ऑब्लिक्वाचं पान कागदासारखं पातळ असतं आणि हे चांगलं जाडसर होतं. ते निघालं मॉन्स्टेरा अ‍ॅडन्सोनी, जे कुठेही स्वस्तात मिळतं. मोबाइलवरच्या झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपला एकाच वेलाचे तीन फोटो दाखवले तर त्याने तीन नावं दिली. अ‍ॅपला तरी दोष किती द्यायचा, त्याला फक्त पान दिसतं, आणि या कुळात पानावर विसंबलं की फसगत ठरलेली.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या गुहागरच्या घरामागे आहे. नारळावर एक वेल चढला आहे, पानं सुपाएवढी, कडेपासून मधल्या शिरेपर्यंत चिरलेली, शिरेलगत बारीक भोकं. काका त्याला कायम मॉन्स्टेरा म्हणत आले. दिवाळीत मी गेले तेव्हा भिंग घेऊन खाली बसले. मॉन्स्टेरा डेलिसिओसाच्या जुन्या पानाचा देठ पात्याला मिळतो तिथे झालरीसारख्या चुण्या असतात, त्या इथे नव्हत्याच. मग बुंध्याशी, जमिनीवर सरपटणारी एक फांदी सापडली. तिची पानं तळहाताएवढी, अखंड, पिवळ्या शिंतोड्यांची. म्हणजे ठाण्याच्या बाल्कनीत माझ्याकडे बाटलीत वाढतो तोच मनी प्लांट. आधार मिळून वर चढला की हा वेल पानाचा आकारच बदलतो. काकांना दोन्ही पानं एकाच वेलावर दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “अगो, पंचवीस वर्षं बघतोय मी ह्याला.”

मनी प्लांट आणि हृदयाच्या आकाराच्या पानाचा फिलोडेंड्रॉन यांची गल्लत तर रोजची. इथे भिंगाने मला एक खूण दिली जी मी आता सगळ्यांना करून दाखवते. पानाचा कोपरा हळूच फाडायचा आणि फाटलेली कड भिंगाखाली धरायची. मनी प्लांटच्या कडेतून पांढरे, राठ, केसांसारखे तंतू बाहेर डोकावतात, सुतळीचा तुकडा तोडल्यावर टोकाला दिसतात तसे. फिलोडेंड्रॉनची कड स्वच्छ असते. पहिल्यांदा ते तंतू दिसले तेव्हा मी शेजारच्या वहिनींना हाक मारून बोलावलं होतं. मॉन्स्टेरातही असे तंतू असतात, तेव्हा ही खूण फक्त फिलोडेंड्रॉन वेगळा काढायला वापरावी. जोडीला नवं पान कुठून येतं तेही बघावं. फिलोडेंड्रॉनचं कोवळं पान एका वेगळ्या खोळीत गुंडाळलेलं येतं, ती खोळ वाळून कागदासारखी लोंबते किंवा गळते. मनी प्लांटचं नवं पान आधीच्या पानाच्या देठाच्या पन्हाळीतून सरळ वर येतं, आणि त्या पन्हाळीच्या दोन्ही कडा पुढे तपकिरी होऊन सुटतात.

मनी प्लांटच्या नावाचा इतिहासही याच अडचणीचा आहे. १८८० मध्ये त्याला पोथोस ऑरियस नाव मिळालं, पण फूल कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे तो एका प्रजातीतून दुसरीत फिरत राहिला, आणि १९६२ मध्ये फूल तपासायला मिळाल्यावर दोन वर्षांत एपिप्रेम्नम ऑरियम या नावावर स्थिरावला. हा वेल आपण होऊन फुलत नाही असं म्हटलं तरी चालेल. २०१६ साली कारण कळलं, जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारी त्याची जनुकीय साखळी एका ठिकाणी तुटलेली आहे. मूळचा तो फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाचा, आणि आपण त्याला घरचाच समजतो.

पण भिंगाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते जूनमध्ये, शेवळांवर, म्हणजे पहिल्या पावसात मिळणाऱ्या रानभाजीवर. पहिल्या पावसानंतर बदलापूर स्टेशनबाहेर मावशी जुड्या घेऊन बसतात. “ताई, काकडं पण घ्या, नाहीतर घसा खाजेल,” असं त्या न विचारता सांगतात. काकडं म्हणजे या भाजीत घालायची आंबट फळं. शेवळं निवडताना आपण आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतो. तोच भाग मी यंदा ताटलीत वेगळा ठेवला, कारण ओळख सगळी तिथेच असते. आपण ज्याला शेवळाचं फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा दांडा. भिंगाखाली सगळ्यात खाली हिरवट, गोल मादी फुलं दिसली, प्रत्येकीवर बारीक टोपीसारखी कुक्षी. वर नर फुलांचे पिवळे परागकोश, दाटीवाटीने. आणि दोघांच्या मध्ये थोडी पांढरट, गुळगुळीत वांझ फुलं. साध्या डोळ्यांना ती दाणा म्हणूनसुद्धा वेगळी कळत नाहीत. सुरणाच्या फुलात मादी संपली की लगेच नर सुरू होतात, मध्ये काही नाही. बाहेरून तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. सुरणाचं फूल जमिनीला टेकलेलं, जांभळट, वर सुरकुतलेला गोळा, कुजलेल्या मांसासारखा वास. शेवळं उंच दांड्याचं आणि सडपातळ. पण कोकणात शेवळाचे जवळचे भाऊबंद आहेत, कोकणाचंच नाव मिळालेलं अ‍ॅमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस १९९४ मध्ये वेगळं म्हणून नोंदवलं गेलं, आणि अशा भावंडांत निवाडा करताना या मधल्या वांझ फुलांच्या आकाराकडे बघावं लागतं.

इथे एक इशारा, कारण मला तो कुणी दिला नव्हता. शेवळं चिरलेल्या हाताने मी भिंग धरलं, त्याची कड डोळ्याला टेकवली आणि पापणी संध्याकाळपर्यंत चरचरत राहिली. या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांचीच. आता मी रोपाला हात लावायचा तो डावाच, भिंग उजव्या हातात, आणि घरी आल्यावर कवच साबणाच्या फडक्याने पुसते.

जुलैमध्ये महाबळेश्वरला पांढरा सापकांदा बघितला, अरिसेमा मुराई. १८३९ मध्ये जॉन ग्रॅहॅमच्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या यादीत तो आला आहे. त्याच्या फुलांच्या दांड्याभोवतीचा फणा पांढरा, आत जांभळी झाक, आणि आतला दांडा फण्याबाहेर येत नाही. हिरव्या फण्यातून लांब शेपटी वर काढणारा तो अरिसेमा टॉर्चुओसम. एवढं भिंगाशिवायही जमतं. भिंग लागतं ते नर की मादी हे बघायला, कारण सापकांदा वर्षागणिक बदलतो, कंद लहान असेल तर नर, पोसला की मादी. नर फुलाच्या नळीला तळाशी बारीक फट असते, आत अडकलेली चिलटं परागकण घेऊन तिथून सुटतात. मादीला ती फट नसते. पावसात उकिडवं बसून ती फट शोधायला मला वीस मिनिटं लागली.

अळवावर फारसं लिहीत नाही, वडीचं आणि भाजीचं अळू एकाच जातीचे प्रकार आहेत आणि देठ कडेपासून आत, पात्याच्या पाठीला जोडलेला असतो हे घरोघरी माहीत आहे. कुंडीतल्या अलोकेशियाशी गोंधळ झालाच तर फळ आडवं कापून बघा. अळूत आतल्या भिंतीला चिकटलेल्या पुष्कळ बारीक बिया, अलोकेशियात तळाशी मोजक्याच.

आता भिंगाबद्दल. वापरायची पद्धत आधी शिकावी लागते. भिंग डोळ्याशी जवळजवळ टेकवायचं आणि झाड भिंगाच्या अडीच सेंटिमीटरवर आणायचं. मी पहिले दोन आठवडे पेपर वाचतात तसं ते पानावर धरत होते आणि माल खराब लागला असं समजत होते. चष्मा असेल तरी चालतं. दिवा असलेली ३० पट, ६० पट भिंगं स्वस्त मिळतात. मैत्रिणीचं वापरून पाहिलं, झाड इतकं जवळ आणावं लागतं की फुलाच्या नळीत डोकावताच येत नाही, हात जरा हलला की सगळं धूसर. या कुळासाठी दहापटच घ्या.

तक्रारी दोन. ऑगस्टमध्ये घडीचा स्क्रू सैल झाला आणि भिंग कवचातून आपोआप उघडायला लागलं, चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रूड्रायव्हरने घट्ट करून घेतलं. दुसरी जास्त गंभीर आहे. बरोबर आलेल्या चामडी पाकिटाला पावसाळ्यात बुरशी आली. ती काचेवर चढली असती तर भिंग गेलंच होतं. पाकीट टाकून दिलं, आता भिंग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात असतं.

ज्यांना फक्त बाल्कनीतली चार रोपं ओळखायची आहेत त्यांनी आधी पान फाडून कड उन्हात धरावी, ते तंतू चांगल्या नजरेला नुसतेही दिसतात. बाकीच्यांनी मे संपायच्या आत मागवून ठेवा. शेवळं पहिल्या पावसाबरोबर येतात आणि काही आठवड्यांत संपतात.